मामीला पाठवलेला पियानो

मामीनं पियानो पहिल्यांदा ऐकला तो माझ्या फोनवर, जानेफळला तिच्या घरी. मामा जाऊन वर्ष झालं होतं. तिचा मुलगा नोकरीला नाशिकला, म्हणून मी चार दिवस तिच्या सोबतीला गेले होते. मामी गावातल्या बायांचे ब्लाउज शिवते. दाराजवळ उजेड चांगला येतो, तिथंच तिचं मशीन आहे. मी शेजारी बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होते आणि फोनवर एक नॉक्टर्न लावलं होतं. नॉक्टर्न म्हणजे एकट्या पियानोवर वाजवायची, रात्रीच्या शांततेसारखी एक छोटी रचना. युरोपात एकोणिसाव्या शतकात अशा पुष्कळ लिहिल्या गेल्या.

मध्येच मशीन थांबलं.

"काय वाजून राह्यलं हे?"

"पियानो आहे, मामी."

"किती जन वाजवतात?"

"एकच माणूस."

मामीनं चष्मा वर सरकवला. "एकच? मंग मले दोघं काऊन ऐकू येतात?"

मी तिला डावा हात काय करतो, उजवा काय करतो ते सांगितलं. डावा खाली ठेका धरून असतो, उजवा वर गातो. तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. चौथ्या दिवशी मी निघाले तेव्हा बसस्टँडवर माझ्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा देत ती म्हणाली, "ते पियानोचं पाठवत जाय मले. तुले आवडते ते पाठव. मी ऐकतो."

आमच्याकडं बायासुद्धा 'मी ऐकतो', 'मी जातो' असंच बोलतात. मीही अठरा वर्षांची होईपर्यंत तशीच बोलत होते.

माझं शाळेपर्यंतचं आयुष्य मेहकरात गेलं. कॉलेजला पुण्यात आले. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मी 'माह्या डोयात कचरा गेला' असं म्हणाले आणि खोलीतल्या तिघी पलंगावर आडव्या पडून हसल्या. आमच्या बोलीत 'ळ'चा बरेचदा 'य' होतो, हे त्यांना कुठून माहीत असणार? पुढं कितीतरी दिवस त्या मला जिन्यात गाठून 'डोया' म्हणायला लावायच्या. मी म्हणायचे, आणि हसायचेही. सहा महिन्यांत मी माझी भाषा घासून पुसून अशी करून टाकली की नवीन येणाऱ्या मुलींना मी सदाशिव पेठेतलीच वाटायचे. ती मी परत कधी बदलली नाही. मामीशी फोनवर बोलतानाही नाही.

पियानो मी फार उशिरा शिकले, पस्तिशीनंतर, कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे. हात काही फारसा बसला नाही, पण ऐकण्याचं वेड लागलं. त्यातूनच पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्या दहाबारा जणांचा एक गट मिळाला. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, चहा प्यायचा, ऐकायचं आणि बोलायचं. नवख्यांनी काय ऐकावं याचं एक टिपण दर रविवारी व्हॉट्सअॅपवर टाकायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी ते मन लावून करायचे. लहानपणीच परदेशी गेलेल्या पोरक्या मुलासारखं गाणारं एखादं मझुर्का (पोलंडच्या लोकनृत्याच्या तालावरची रचना), बालपणाच्या आठवणींवरच्या एका जर्मन संगीतकाराच्या चार चार ओळींच्या रचना, आणि एका दाढीवाल्या म्हाताऱ्यानं शेवटच्या दिवसांत स्वतःपुरत्या लिहिल्यासारखे वाटणारे काही तुकडे. लोक म्हणायचे, तुमच्यामुळे आम्ही ऐकायला लागलो. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, त्याच्यासाठीच मी लिहायचे.

मामीला मी सुरुवातीला सोपं सोपं पाठवलं. दोन मिनिटांचं, गोड, कुठंही न अडखळणारं. तिला एवढंच झेपेल असं मीच ठरवलं होतं. ती प्रत्येक वेळी आवाजी निरोप पाठवायची, कारण तिला टाइप करायचा कंटाळा. मागं मशीनचा आवाज, मध्येच कुणाला तरी "बाह्या उद्या नेजो" असं सांगणं, आणि मग माझ्यासाठी दोन वाक्यं. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती म्हणाली, "हे लय गुळचट हाय वं. दुसरं पाठव." मला हसू आलं. मी तो निरोप महिन्याच्या बैठकीत ऐकवला.

तिथून सगळं सुरू झालं. मी वाईट हेतूनं ऐकवला नव्हता, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. पण ऐकवण्याआधी मी सगळ्यांना गप्प केलं होतं, फोनचा आवाज वाढवला होता आणि 'गुळचट' शब्द येण्याआधी बोट वर केलं होतं. लोक खूप हसले. पुढच्या महिन्यात दारातून आत शिरतानाच एकानं विचारलं, "मामी काय म्हणतायत?"

हा गृहस्थ आमच्या गटातला उत्तम नकलाकार. मामीचा आवाज त्यानं दोन बैठकांत उचलला. मी त्याला उच्चार दुरुस्त करून द्यायचे. 'राहिला' नाही, 'राह्यला'. 'का' नाही, 'काऊन'. ज्या तोंडानं मी स्वतः ते शब्द बोलायचं सोडलं होतं, त्याच तोंडानं मी त्याला शिकवत होते.

हळूहळू मी मामीला काय पाठवायचं तेही बदललं. तिला काय आवडेल हा विचार मागं पडला. ती कशावर काहीतरी मजेशीर बोलेल, हे मी शोधायला लागले. एकदा मी मुद्दाम एका हंगेरियन संगीतकाराची भयंकर वेगाची रचना पाठवली. बोटांची नुसती सर्कस. मला हवं होतं तसंच उत्तर आलं.

"याच्या मांगं कुत्रं लागलं का वं? जरासा थांब म्हना त्याले. पानी पे म्हना, दम घे, मंग वाजव."

त्या महिन्याच्या बैठकीत आम्ही तो निरोप पाच वेळा ऐकला. एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं हसता हसता. सगळ्यांत जास्त मी हसले.

पण त्याच सुमारास तिचा आणखी एक निरोप आला, आणि तो मी कुणालाच ऐकवला नाही. मी तिला पहिलंच नॉक्टर्न दुसऱ्या एका वादकाचं पाठवलं होतं, कारण तिनंच विचारलं होतं की हेच गाणं दुसऱ्या कोणी वाजवलेलं आहे का. दोन्ही ऐकून ती म्हणाली:

"मले एक समजलं पाय. डावा हात त्याचा सारखा चालते. उजवा तेवढा मांगं-पुढं होते. आपन बाही लावतो नाही का, तसं. मुंढ्यापरस बाहीचं कापड जरासं जास्त असते. चुनी पाडाची नाही अन् वढाचं बी नाही. इथं जरासं सोडाचं, तिथं जरासं घ्याचं, पन शेवटी टोकाले टोक भेटलं पायजे. पहिल्याले ते जमते. हा दुसरा नुसता वढते."

मी तो निरोप तीनदा ऐकला. या गोष्टीला रुबाटो म्हणतात. इटालियन शब्द, अर्थ 'चोरलेला'. म्हणजे एका सुराकडून थोडा वेळ चोरायचा आणि पुढच्याला परत द्यायचा. माझ्या बाईंनी मला तो आठ वर्षं शिकवला होता आणि मला तो कधी हातात आला नव्हता. मामीनं मशीनवर बसून तो मला समजावून सांगितला.

त्या रविवारच्या टिपणात मी तो लिहिला. बाही, ती जोडायचा खांद्याजवळचा मुंढा, चुणी न पाडता बसवायचं जास्तीचं कापड, सगळं. भाषा अर्थात माझी, नीटनेटकी. मामीचा उल्लेख केला नाही. लिहिताना एकदा मनात आलं होतं, 'माझी मामी म्हणते' असं टाकावं. पण लगेच वाटलं, मामी म्हटलं की सगळे हसायलाच बसतील आणि मुद्दा राहून जाईल. हे कारण मला तेव्हा अगदी पटलं.

ते टिपण खूप फिरलं. कॅम्पातल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही. तुला हे सुचलं कसं?"

मी म्हणाले, "सुचलं असंच."

म्हणजे जे हसण्यासारखं होतं ते मी मामीच्या नावावर वाटलं आणि जे चांगलं होतं ते स्वतःच्या नावावर ठेवलं. आज मला ते एवढं सरळ दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं, कारण मी बघत नव्हते.

थंडीत आमच्या गटानं लोणारला जायचं ठरवलं. सरोवर बघायचं, एक मुक्काम करायचा. सहा जण निघालो. लोणारहून जानेफळ तासा-दीड तासावर आहे हे कळल्यावर नकलाकार म्हणाला, "मग मामींना भेटल्याशिवाय परत कसं जायचं?" सगळ्यांनी ते उचलून धरलं. मला नाही म्हणायला कारण सुचेना. मनातून आशा होती की मामीच नाही म्हणेल. मी फोन केला.

"घेऊन ये ना सगळ्यायले!" ती ओरडलीच. "तुह्ये पियानोवाले लोकं ना? जेवाले थांबवजो."

आम्ही पोचलो तेव्हा अंगण सारवलेलं होतं. मामीनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा आणि माझ्या आवडीची म्हणून थोडी खीर. एकटीनं केलं होतं सगळं, पहाटेपासून. मशीनवर कापड झाकून त्याच्यावर तिनं एक शाळेची वही ठेवली होती. मी सहज उघडली. तिला इंग्रजी नावं वाचता येत नव्हती, म्हणून तिनं वारांवरून नोंदी केल्या होत्या. 'गुरुवार - हायूहायू वाजते, शेवटी उजेड होते.' 'सोमवार - याले कोनीतरी सोडून गेलं.' पानंच्या पानं. मी पाठवलेलं एकही तिनं सोडलं नव्हतं. शेवटच्या पानावर प्रश्न होते.

मामी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "जेवन झालं की इचारतो मी त्यायले. तुह्या लोकायले राग तर नाही येनार ना?"

मी म्हणाले, "नाही गं."

जेवण रंगलं. लोक खरोखर आवडीनं जेवले. मामी वाढत होती, बट्टी कुस्करून तिच्यावर तूप घालत होती. आणि नकलाकार बोलला. त्याला मी दोष देत नाही. तो माझ्याकडूनच शिकलेला होता.

"मामी, एकदा ते तुमच्या तोंडून ऐकायचंय. कुत्रं मांगं लागलं का वं! आम्ही इतक्यांदा ऐकलंय, पण समोरासमोर मजा वेगळी."

मामीच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. "तुमी ऐकलं?"

"अहो, पाठ आहे आम्हाला!" आणि त्यानं ते म्हणून दाखवलं. पानी पे म्हना, दम घे. हुबेहूब. सगळे हसले. मामीही थोडी हसली. मी होस्टेलवर हसायचे तशी.

"हाव का," ती म्हणाली, आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. वाढता वाढता बघतो तेवढंच.

गटातली एक बाई मनानं चांगली. तिला वाटलं असावं की मामी अवघडल्या. तिनं विषय बदलला. "मामी, तुमची भाची किती सुंदर लिहिते, तुम्हाला माहितेय का? थांबा, वाचून दाखवते." तिनं फोन काढला आणि बाहीचं टिपण वाचलं. पूर्ण. मी ताटातल्या वरणाकडे बघत होते. मला म्हणायला हवं होतं, थांबा, हे मामीचं आहे. एवढं छोटं वाक्य. वाचन संपेपर्यंत मला चांगली दोन मिनिटं मिळाली होती. मी म्हणाले नाही.

मामीनं सगळं ऐकून घेतलं. "चांगलं लिहलं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "बट्टी देऊ का अजून कोनाले?"

हात धुऊन आम्ही परत खोलीत आलो तेव्हा वही मशीनवर नव्हती. कुणालाच काही विचारलं गेलं नाही.

गाडीत सगळे म्हणत होते, किती गोड बाई आहेत. मी खिडकीतून तुरीची वाळलेली शेतं बघत बसले. तेव्हाही मी त्यांना काही सांगितलं नाही.

त्यानंतर आवाजी निरोप बंद झाले. मी पाठवायचे आणि ती अंगठ्याचं चित्र पाठवायची. मी आणखी चांगल्या रचना निवडायला लागले, ज्या मी कधी कुणालाच सुचवल्या नव्हत्या, माझ्यापुरत्या ठेवल्या होत्या. अंगठा. फोन केला तर ती नीट बोलायची, तब्येत विचारायची, पियानोचं नाव काढायची नाही. अडीच महिने मी असे काढले. मग एक दिवस रजा टाकली, मेहकरची बस धरली आणि एकटी जानेफळला गेले.

दुपार होती. मामी काज करत बसली होती. मी चप्पल काढून तिच्यासमोर खाली बसले आणि बोलायला गेले तर रडायलाच आलं. तिनं सुई कापडात खोचली आणि माझं रडणं संपायची वाट बघितली. जवळ घेतलं नाही.

"मामी, मी तुझे निरोप त्यांना ऐकवत होते."

"समजलं ते मले."

"हसायला."

"हाव." तिनं कापड बाजूला ठेवलं. "लोकं हसले त्याचं नाही मले. माह्या बोलन्याले हसतात लोकं, संभाजीनगरले गेलो तरी हसतात. तू हसली का, एवढं सांग."

मला खोटं बोलता आलं असतं. "हाव," मी म्हणाले. "सगळ्यायपेक्षा जास्त."

तिनं मान हलवली. बाहेरून कुणीतरी शेळ्या घेऊन गेलं.

"अन् ते बाहीचं?"

"ते मी माझं म्हणून लिहिलं."

"मले इचारलं असतं तर मी दिलं असतं वं. घे म्हटलं असतं. त्यात काय हाय?"

मग मी तिला होस्टेलचं सांगितलं. जिन्यातलं, डोयाचं, मी भाषा कशी टाकली ते. इतक्या वर्षांत मी ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटलं, हे ऐकल्यावर तिला माझं कळेल. मामीनं सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली,

"मंग तुले तर माहीत होतं कसं लागते ते."



तिनं चहा केला. आम्ही प्यायलो. पाच वाजता तिनं मला बसस्टँडपर्यंत सोडलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही ते मागायचं धाडस केलं नाही.

पुढच्या रविवारी मी गटाला सगळं लिहून कळवलं. बाहीचे शब्द माझ्या मामीचे आहेत, मी ते न विचारता घेतले, आणि तिचे निरोप तिला न सांगता तुम्हाला ऐकवले. काहींनी हात जोडल्याची चित्रं टाकली. नकलाकारानं लिहिलं, 'अगं, आम्ही तर प्रेमानंच हसायचो.' तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. कॅम्पातल्या बाईंनी मात्र फोन केला आणि मामीशी बोलायचंय म्हणाल्या. मी मामीला विचारलं.

"नको," मामी म्हणाली. "मोठ्या बाई असतीन त्या. पन मले नाही बोलाचं आता त्याच्यावर. मी ऐकतो अजून. ऐकनं सोडलं नाही. सांगनं सोडलं."

रविवारचं टिपण मी दुसऱ्या एकीकडं सोपवलं. मामीला मी आपणहून काही पाठवत नाही. गेल्या पावसाळ्यात एकदा तिनंच टाइप केलं, एकेक अक्षर शोधत केलं असणार. 'एखादं लांबलचक पाठव. दिवसभर शिवन हाय.' मी दोन दिवस शोधत होते. शेवटी एक पाठवलं, पाऊण तासाचं, आणि सोबत काहीच लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'आयकलं.'

तिला त्यात काय दिसलं, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.